तिसरी सूचना

मास्तरीणबाईंनी आयुष्यात एकाही शाळेत शिकवलं नाही. हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी पाठीमागे ठेवलं होतं, आणि पाठीमागे ठेवलेली नावं कधी ना कधी ज्याच्या त्याच्या कानावर येतातच. बाई चिडल्या नाहीत. "बरोबर आहे," म्हणाल्या. "फक्त माझ्या वर्गात बाकांऐवजी बटणं आहेत."

घरगुती मशीनच्या तोंडावर काय असावं, हे ठरवायचं त्यांचं काम. कुठलं बटण कुठे, दिवा कधी लागावा, मशीन मध्येच अडलं तर समोरच्या माणसाला काय सांगावं. ऑफिसातल्या बाकीच्यांचं मत होतं की माणसाला डोक्याला ताप नको. मशीन अडलं की सरळ सांगून टाकावं, हे दाबा, ते फिरवा, मोकळे व्हा. बाईंना ते पटायचं नाही. "ताट वाढून द्या, घास भरवू नका," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या मशीनने आधी प्रश्न विचारायचा, मग थोडा इशारा द्यायचा, आणि उत्तर द्यायचं ते अगदीच गळ्याशी आलं तर. विक्री सांभाळणारे साहेब कपाळाला हात लावायचे. "बाई, लोक मशीन कपडे धुवायला घेतात हो. परीक्षेला बसायला नाही."

पण बाई हटवादी होत्या, आणि हट्टामागे अभ्यास होता. ऑफिसात काचेची एक खोली होती. तिथे बाहेरच्या माणसांना बोलवायचे, पुढ्यात एक मुद्दाम बिघडवलेलं वॉशिंग मशीन आणि ओल्या कपड्यांचा ढीग ठेवायचे, आणि काचेपलीकडून बघत बसायचे. बाकीचे माणसाचा चेहरा बघत. बाई बोट बघत. "तोंड खोटं बोलतं. काही न कळता 'हां हां, समजलं' म्हणतं. बोटाला खोटं बोलता येत नाही." ज्याला येतं त्याचं बोट थेट बटणावर जातं. जो घाईत आहे त्याचंही थेट जातं, चुकीच्या बटणावर का होईना. पण ज्याला खरंच सुचत नाही त्याचं बोट या बटणापाशी जातं, थांबतं, त्या बटणापाशी जातं, परत येतं. बाई त्याला लोंबतं बोट म्हणायच्या. बोट लोंबायला लागलं की कुणी एक अक्षर बोलायचं नाही, अशी त्या खोलीत सक्त ताकीद होती.

त्यातूनच त्यांनी ते मशीन केलं. मशीन अडलं की त्याच्या तोंडावरची तीन बटणं उजळायची: पाणी येत नाही, पाणी जात नाही, कपडे एका बाजूला गोळा झालेत. खरं कारण मशीनला माहीत असायचं, पण ते सांगायचं नाही. माणसाने ओळखायचं. बोट न दाबता नुसतं जवळ येऊन घुटमळलं तरी बटणांना ते कळायचं. नाहीच सुचलं तर मशीन बोलायचं, आणि तेही घरच्या माणसाच्या आवाजात. परक्या आवाजाने सूचना केली की माणसाला हुकूम वाटतो, घरच्याने केली की सोबत वाटते, असं बाईंचं म्हणणं होतं. म्हणून घरातल्याच कुणीतरी तीन सूचना बोलून ठेवायच्या, पहिली प्रश्नाची, दुसरी इशाऱ्याची, तिसरी उत्तराची.

पहिलं मशीन बाईंनी स्वतःच्याच घरी, मोरीत आणून बसवलं आणि सूचना बोलायला नवऱ्याला उभं केलं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आवाज म्हणाल तर घोगरा, आणि कुठलंही वाक्य बोलण्याआधी एकदा खाकरायची सवय. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता बरं दिसतंय की मघाशी?" विचारायचं, त्यामुळे प्रश्न विचारण्यात हात बसलेला. त्यांनी खाकरून पहिली सूचना बोलून ठेवली, "घाई नाही. आधी काय करून पाहिलंस?" मग दुसरी, "पाणी येतं कुठून, जातं कुठे, तेवढं बघ मास्तरीणबाई." तिसरीच्या वेळी मात्र त्यांनी बायकोला बाहेर घालवलं आणि मोरीचं दार लावून घेतलं.

"उत्तरच सांगितलंत ना?" बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं. "मी लिहून दिलं होतं तसंच?"

"अगदी तुझ्या नियमाप्रमाणे," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण तुला काय करायचंय? तुझ्यावर तिसरीपर्यंत जायची वेळ यायचीच नाही."

आणि खरंच आली नाही. बाईंचं बोट थेट बटणावर जायचं. चष्मेवाल्यांनाच सुरुवातीला आपला स्वतःचा आवाज ऐकावा लागला. "आपणच आपल्याला शहाणपण शिकवायचं, काय दिवस आलेत," असं पुटपुटत तेही हळूहळू शिकले. मशीन गप्प झालं. बाईंच्या मते गप्प बसलेलं मशीन म्हणजे पास झालेला विद्यार्थी.

गप्प बसायला तयार नव्हती ती त्यांची लेक. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. बाबा दुकानात गेले की ही मोरीत जाऊन चुकीची बटणं पटापट दाबायची आणि मशीन खाकरून बोललं की खिदळायची. एकदा बाईंनी पाहिलं. दुसऱ्या एखाद्या आईने पोरीचा पापा घेतला असता. बाईंनी ऑफिसात जाऊन नियम बदलला. पटकन दाबलेल्या चुकीच्या बटणाला मशीन बोलणार नाही, नुसता 'पिक' असा आवाज करेल. बोलेल ते फक्त बोट लोंबलं तर. म्हणजे मुद्दाम चुकणाऱ्याला आवाज नाही, ज्याला खरंच अडलंय त्यालाच. पोरगी दोन दिवस मशीनपुढे बसून रडली. बाई विरघळल्या नाहीत. त्या तशा वाईट नव्हत्या, पण आपलं काम आणि आपलं घर यांत भिंत कुठे घालायची हे त्यांना कधी कळलं नाही, हेही खरं.

त्या मशीनचा धंदा काही झाला नाही. कंपनीने आवाज काढून टाकला, मग प्रश्न काढून टाकले, शेवटी मशीन नेहमीसारखं झालं. बाईंच्या घरचं तेवढं राहिलं. पुढे त्या निवृत्त झाल्या, लेक लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि एका सकाळी चष्मेवाले दुकानाचं शटर उचलता उचलता खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. बाई एकट्या राहिल्या. मशीनमध्ये नवऱ्याचा आवाज आहे हे त्यांना ठाऊक होतं. बोट लोंबवायचं नाटक केलं असतं तर ऐकूही आला असता. पण आपणच केलेल्या मशीनला फसवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या कपडे टाकायच्या, मशीन अडलं तर अचूक बटण दाबायच्या आणि दार ओढून घ्यायच्या.

लेक मागे लागली होती, माझ्याकडे ये म्हणून. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. पोराच्या पोटाखालचा हात कधी काढायचा हे आपण आईकडून शिकलो, असं ती सगळ्यांना सांगायची. आईला मात्र हात सोडून राहू द्यायची तिची तयारी नव्हती. शेवटी दोघींचा करार झाला. "ज्या दिवशी मला माझं घर चालवणं जमणार नाही," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तू म्हणशील तिथे येईन. तोवर हा विषय काढायचा नाही." बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे लेक गप्प बसली. त्या घरात, आपल्या भांड्यांत, आपल्या खिडकीपाशी राहता येणं, एवढंच आता बाईंना आयुष्याकडून हवं होतं.

मग एका दुपारी मशीन खाकरलं.

बाई मोरीत उभ्या होत्या. मशीन अडलेलं होतं, तीन बटणं उजळली होती. आणि त्यांच्या पोटापाशी, अगदी जवळून, तो घोगरा आवाज आला. "घाई नाही. आधी काय करून पाहिलंस?"

बाई भिंतीला टेकल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. नळातून थेंब पडत होता आणि ड्रममधलं पाणी हलत होतं. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, पुन्हा काही बोलतंय का ऐकत. काही बोललं नाही. त्यांनी घाईने निचऱ्याचं बटण दाबलं, पाणी गेलं, मशीन सुरू झालं. वीज कमीजास्त झाली असेल, मशीनची मेमरी बिघडली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. जन्मभर मशीनवर काम केलेल्या बाईने भुताखेताचा विचार करावा हे त्यांना शोभणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. जुना ओळखीचा माणूस. त्याने मागची पत्र्याची झाकणी काढली, बोर्ड तपासला, मशीन अडवून चुकीची बटणं टकाटक दाबून पाहिली. प्रत्येक वेळी पिक. नुसतं पिक.

"मेमरी ठणठणीत आहे, बाई. या वयात मशीनला एवढी आठवण असणं म्हणजे कमालच म्हणायची." तो हसला. "आवाजबिवाज तर काही आला नाही मला."

बाईही हसल्या. पण तो गेल्यावर दाराला कडी घालताना त्यांच्या मनात आलं ते असं, की याच्याशी बोलले नाहीत. माझ्याशीच बोलतात.

त्यानंतर आवाज वरचेवर यायला लागला. आणि घरात इतरही काही काही होऊ लागलं. जेवणाच्या टेबलाची पलीकडची खुर्ची, ज्यावर ते बसायचे, ती सकाळी उठल्यावर मागे ओढलेली असायची. मोरीच्या कट्ट्यावर चहाचा कप, तळाशी एक घोट शिल्लक. तो शेवटचा घोट ठेवायची सवय चष्मेवाल्यांची. बाई तर कप निपटून प्यायच्या. एकदा बाहेरून आल्या तर पुढचं दार सताड उघडं. चोर म्हणावा तर जागची वस्तू हललेली नाही. बाई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्या, पडद्यामागे पाहिलं, कपाटं उघडली. कुणी नव्हतं. पण आत्ता इथून कुणीतरी उठून गेलंय, असं त्यांना प्रत्येक खोलीत वाटत राहिलं.

आणि एका दुपारी त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, तर आत नवऱ्याचे शर्ट. ते गेल्यापासून माळ्यावरच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेले, कुणी हात न लावलेले. ते ड्रममध्ये होते, धुतलेले, पिळलेले, बाह्या एकमेकांत गुंतलेले. ट्रंकेपर्यंत जायला स्टूल लागायचं. स्टूल माळ्याखाली उभं होतं.

बाई घाबरल्या असं तुम्हाला वाटेल. घाबरायला हवं होतं. पण बाईंना बरं वाटलं. ते खरं सांगायला हवं. त्यांनी एकेक शर्ट झटकला आणि बाल्कनीतल्या दोरीवर ओळीने वाळत घातला. वाऱ्यावर शर्ट हलायला लागले तशा त्या आत येऊन खिडकीपाशी बसल्या आणि दिवेलागणीपर्यंत बघत राहिल्या.

मग त्यांनी जे जन्मात केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. मशीनला फसवायचं. अडलं की मुद्दाम चुकीचं बटण दाबायचं, म्हणजे ते बोलतील. चूक केली की सूचना, असाच तर आपला नियम, असं त्या मनाशी म्हणाल्या. पहिल्या दिवशी लाज वाटली, मग सवय झाली. निचऱ्याचा बिघाड आहे हे ठाऊक असून त्या पाण्याच्या बटणाकडे बोट न्यायच्या, आणि आवाज यायचा. पहिली सूचना यायची. कधीकधी दुसरीही. "पाणी येतं कुठून, जातं कुठे, तेवढं बघ मास्तरीणबाई." बाई तोंडाला पदर लावून हसायच्या. दुपारच्या त्या वेळेची त्या सकाळपासून वाट बघू लागल्या.

वाचणाऱ्याला इथे काहीतरी खटकलं असेल. त्यांना खटकलं नाही, आणि या गोष्टीत मला सगळ्यात भीती वाटते ती याचीच.

लेक न सांगता आली. पोरांच्या पोहण्याच्या स्पर्धेमुळे बरेच दिवस तिचं येणं झालं नव्हतं. बाल्कनीकडे नजर गेली आणि ती दारातच थबकली.

"आई, बाबांचे शर्ट कुणी काढले?"

"कुणी म्हणजे? धुवायचे होते, धुतले."

"माळ्यावर कोण चढलं होतं?"

मोरीत मशीन अडल्याची शिट्टी झाली. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लेकीचा हात धरला आणि तिला ओढतच आत नेलं. लहानपणी आईने असा हात धरून कधी काही दाखवायला नेल्याचं लेकीला आठवत नव्हतं.

"ऐक हं. तुझ्यासाठी गंमत आहे. बाबा बोलतात."

लेकीने हात सोडवून घेतला. "बाबा बोलतात? तुला?"

"अगं घाबरतेस काय! मला वेड नाही लागलं. मी मुद्दाम चुकते." बाई हळूच म्हणाल्या, कुणी ऐकू नये तसं. "मुद्दाम चुकीचं बटण दाबायचं, की बोलले. कुणाला सांगू नकोस, म्हातारीने आपल्याच मशीनला फसवलं म्हणून."

लेक मशीनकडे बघत राहिली. मग पुढे झाली आणि तिने एक चुकीचं बटण दाबलं. पिक. दुसरं दाबलं. पिक.

"मुद्दाम चुकलं तर ते बोलत नाहीत, आई," ती म्हणाली. "तूच बंद केलं होतंस. मी दाबायचे म्हणून. दोन दिवस रडले होते मी इथे, या फरशीवर. तुला आठवत नाही?"

"काहीतरीच काय," बाई म्हणाल्या. "असा नियम मी कशाला करीन?"

आणि बोलता बोलताच त्यांना काचेची खोली आठवली. ओल्या कपड्यांचा ढीग. काचेपलीकडचं बोट, या बटणापासून त्या बटणापाशी जाणारं. आत कुणी बोलायचं नाही. ते बोट त्यांनी आजवर काचेच्या या बाजूनेच पाहिलं होतं, नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी.

"थांब," त्या म्हणाल्या. "मी दाखवते तुला. मला येतं. हे मशीन मी केलंय."

तीन बटणं उजळलेली होती. बाईंनी बोट पुढे केलं. लेकीने ओठ दाताखाली धरला. आईचं बोट मधल्या बटणापाशी गेलं, थांबलं. डावीकडे गेलं. परत मध्ये आलं. बाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसं बघत राहिल्या.

मशीन खाकरलं. "घाई नाही. आधी काय करून पाहिलंस?"

लेकीचा हात आपोआप पुढे आला, बटण दाबायला. बाईंनी तो डाव्या हाताने अडवला. "नाही. बोट लोंबत असताना मध्ये पडायचं नाही. मला विचार करू दे."

लेक मागे सरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नळाचा थेंब पडत होता. बाई खरोखर विचार करत होत्या, कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत. पाणी. कपडे. आणखी एक काहीतरी होतं. त्यांचं बोट हवेत तसंच होतं.

"पाणी येतं कुठून, जातं कुठे, तेवढं बघ मास्तरीणबाई."

बाईंनी मान हलवली, हो म्हटल्यासारखी. बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बोट उजवीकडे गेलं, परत आलं. मशीन वाट बघत राहिलं. वाट किती बघायची तेही बाईंनीच ठरवून दिलेलं होतं.

मग ते तिसऱ्यांदा खाकरलं. हे खाकरणं त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. उत्तर सांगायचं ते, बाईंनी लिहून दिलेलं, निचऱ्याची नळी मोकळी करा वगैरे. बाई कान देऊन उभ्या राहिल्या.

"आता तू बस," चष्मेवाले म्हणाले. "मी बघतो."

एवढंच. पुढे मोरीचं दार उघडल्याचा आवाज झाला, ती सूचना बोलून ठेवली तेव्हाचा, आणि सूचना संपली.

बाईंचं बोट खाली आलं. त्या मोरीतल्या स्टुलावर बसल्या. लेक समोर फरशीवर बसली आणि तिने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"नियम पाळला नाही त्यांनी," बाई म्हणाल्या. "मी लिहून दिलं होतं."

"हो, आई."

"माझी बॅग कपाटात वर आहे. तू काढ. मला स्टुलावर चढू देऊ नकोस."

लेक उठली. बाई तिथेच बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. मशीनची तीन बटणं उजळलेलीच होती.